महाराजांचे वाचक, मराठ्यांचे रियासतकार

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले की चिंचणी लागते. गावाशेजारी खाडी आणि खाडीच्या पलीकडे तारापूर. तारापूर म्हटले की शहरातल्या वाचकाला १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते, नाही तर औद्योगिक वसाहत. चिंचणीच्या मुलांच्या पाहण्यात मात्र तिथली आणखी एक जुनी वास्तू असते. ती म्हणजे पोर्तुगीजांच्या अमलातला, आता पडझड झालेला तारापूरचा किल्ला. त्यांच्यातला एखादा चौकस मुलगा शाळेच्या ग्रंथालयात येऊन हा किल्ला कोणी जिंकला, कसा जिंकला, असे विचारू लागला तर ग्रंथपालाने त्याच्या हाती कोणते पुस्तक ठेवावे?

मराठी शाळांतल्या जुन्या ग्रंथपालांना या प्रश्नासाठी फार विचार करावा लागत नसे. त्यांचा हात सवयीने एका जाडजूड ग्रंथमालेकडे जाई. ती ग्रंथमाला म्हणजे ‘मराठी रियासत’. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर घेतले, या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या घरोब्यातला तरुण सरदार गोळी लागून पडला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई हाती आली, ही हकीकत मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी या ग्रंथमालेतूनच जाणून घेतली. बखरी आणि अस्सल कागदपत्रे सर्वसामान्य वाचकाच्या आवाक्यात नव्हती. रियासत होती.

ही रियासत लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई पुढे रियासतकार याच नावाने ओळखले जाऊ लागले. परंतु त्यांच्या आयुष्याचा आरंभ इतिहासलेखनाने झालेला नाही. त्यांची पहिली नोकरी होती दुसऱ्यासाठी वाचण्याची. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पदरी ते वाचक म्हणून लागले. कोणते पुस्तक कोणापुढे, केव्हा आणि किती ठेवावे, हा जो ग्रंथपालाचा रोजचा विचार, तोच त्यांचाही पहिला व्यवसाय होता. रियासत या ग्रंथाची घडण समजून घ्यायची तर त्या नोकरीपासून सुरुवात केली पाहिजे.

गोविंदरावांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहानशा गावी झाला. आडनाव सरदेसाई असले तरी घरात वतनदारीचा डौल उरलेला नव्हता. कोकणातल्या अनेक घरांप्रमाणे शेती थोडी आणि खाणारी तोंडे अधिक, अशी स्थिती. त्या काळी अशा गावांतल्या हुशार मुलापुढे एकच वाट असे. जवळच्या मोठ्या गावी प्राथमिक शिक्षण, मग जिल्ह्याच्या ठिकाणी हायस्कूल आणि निभावले तर पुणे किंवा मुंबई. गोविंदरावांनी ही सगळी वाट चालून पुरी केली. रत्नागिरीच्या हायस्कुलातून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि तेथून मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात. १८८८ साली ते बी. ए. झाले. त्या काळात पदवीधराला सरकारी कचेरीचे दार उघडे असे. गोविंदरावांच्या नशिबी मात्र बडोदे होते.

१८८९ साली ते सयाजीरावांच्या सेवेत रुजू झाले. या दोघांची गाठ पडणे हा मराठी ग्रंथव्यवहारातला एक मोठा योग म्हटला पाहिजे. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. गोपाळ हे त्यांचे नाव. १८७५ साली दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखही जवळजवळ नव्हती. ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचू लागतात त्या वयात त्यांनी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. या उशिराने त्यांच्या मनात वाचनाची विलक्षण भूक निर्माण केली असावी. १८८१ साली राज्यकारभार हाती आल्यानंतरही त्यांचे शिक्षण थांबले नाही. राज्यशास्त्र, इतिहास, कायदा, शेती, शिक्षण, जे जे राज्याच्या उपयोगाचे ते सारे त्यांना जाणून घ्यायचे होते. परंतु एवढी पुस्तके स्वतः चाळायला राजाला सवड कोठून? यासाठी वाचक हवा होता.

वाचकाचे काम म्हणजे पुस्तक उघडून मोठ्याने वाचून दाखवणे, एवढाच अर्थ घेतला तर ती नोकरी किरकोळ वाटेल. वस्तुतः वाचकाला आधी स्वतः पुस्तक पुरते वाचावे लागे. त्यातले महत्त्वाचे कोणते आणि फापटपसारा कोणता, हे ठरवावे लागे. ऐकणारा बुद्धिमान, पण घाईत आहे; त्याला कालच्या दरबारात पडलेला प्रश्न आज पुस्तकात सापडला तर तो तासभर बसेल, नाही तर पाच मिनिटांत उठेल, हे ओळखावे लागे. म्हणजे पुस्तकाबरोबर माणूसही वाचावा लागे. चांगला ग्रंथपाल आणि नुसता पुस्तके देणारा कारकून यांतला फरक याच ठिकाणी दिसतो. गोविंदराव पंचविशीच्या आतच या तालमीत तयार झाले.

महाराजांच्या वाचनातून गोविंदरावांची पहिली पुस्तके जन्माला आली. मॅकियाव्हेलीच्या जगप्रसिद्ध ग्रंथाचे ‘राजधर्म’ हे मराठी रूपांतर १८९० साली आणि सीली या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथाचे ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ हे रूपांतर १८९३ साली प्रसिद्ध झाले. ही निवड डोळ्यांत भरण्यासारखी आहे. पहिल्या पुस्तकात सत्ता कशी टिकवावी याचा विचार आहे. दुसऱ्यात एक बेटवजा देश साम्राज्य कसा झाला याचा. इंग्रज रेसिडेंटाच्या नजरेखाली राज्य करणाऱ्या एका देशी राजाला ही दोन पुस्तके मराठीत हवीशी वाटावीत, यात नवल नाही. सरदेसायांना त्यातून एक धडा मिळाला असावा. इतिहास हा केवळ गतकाळच्या लढायांचा हिशेब नसून आज निर्णय घेणाऱ्या माणसाच्या उपयोगाची वस्तू आहे, हा तो धडा.

पुढे त्यांच्याकडे राजपुत्रांच्या आणि राजकन्या इंदिराराजे यांच्या शिक्षणाचे काम आले. येथे एक अडचण उभी राहिली. मुलांना आपल्या देशाचा आणि मराठ्यांचा इतिहास शिकवायचा, पण कोणत्या पुस्तकातून? मराठ्यांचा सलग इतिहास म्हणावा असा मोठा ग्रंथ होता तो ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा. तो १८२६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि काही वर्षांतच त्याचे मराठी भाषांतरही निघाले. त्यात माहिती भरपूर होती, पण दृष्टी जेत्याची होती. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच, १८६७-६८च्या सुमारास, त्यातील उणिवा दाखवून दिल्या होत्या. पण उणिवा दाखवणारा निबंध वेगळा आणि मुलांपुढे ठेवण्याजोगा पर्यायी ग्रंथ वेगळा. तो ग्रंथ नव्हता.

शिक्षकाला पुस्तक मिळाले नाही की तो टिपणे काढतो. सरदेसायांनी तेच केले. निरनिराळ्या इंग्रजी ग्रंथांतून, बखरींतून, छापून येणाऱ्या कागदपत्रांतून त्यांनी धड्यांसाठी टिपणे जमवली. टिपणे वाढत गेली, त्यांची प्रकरणे झाली आणि त्या प्रकरणांचा ग्रंथ झाला. १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली आणि १९०२ साली ‘मराठी रियासती’चा पहिला भाग. नंतर १९२३ साली ‘ब्रिटिश रियासत’ आली. हिंदुस्थानच्या अर्वाचीन इतिहासाची ही तीन दालने एकाच माणसाने, दिवसाची नोकरी सांभाळून उभी केली. मराठ्यांच्या रियासतीचा शेवटचा भाग यायला १९३२ साल उजाडले. म्हणजे एकट्या मराठी रियासतीला तीस वर्षे लागली.

रियासतीचा हा उगम ध्यानात ठेवला की तिचे अनेक गुण आपोआप उलगडतात. ती एका शिक्षकाने मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहायला घेतली होती. त्यामुळे तिच्यात घटनांचा अनुक्रम कधी सुटत नाही. व्यक्तींची नातीगोती, गावांची ठिकाणे, कोण कोणाचा कोण, हे वाचकाला माहीत असेलच असे लेखक गृहीत धरत नाही. शाहू महाराजांसाठी पुण्यश्लोक, संभाजी महाराजांसाठी उग्रप्रकृति, राजारामांसाठी स्थिरबुद्धि अशी विशेषणे त्यांनी भागांच्या शीर्षकांतच घातली. आजच्या अभ्यासकाला ही विशेषणे एकांगी वाटतील, आणि काही अंशी ती तशी आहेतही. परंतु व्यक्ती वाचकाच्या मनात ठसवण्याची शिक्षकाची हातोटी त्यांत दिसते.

ज्या काळात हे लेखन चालले होते तो मराठी इतिहासाच्या साधनांचा सुगीचा काळ होता. वासुदेवशास्त्री खरे मिरजेहून पटवर्धनांच्या दप्तरातील लेख छापत होते. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगावी पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवत होते. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली बाहेर आला. दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्याला कागद जमवत होते. प्रत्येक नव्या खंडाबरोबर जुनी विधाने डळमळू लागत. सरदेसाई बडोद्यात बसून हे सारे वाचत होते आणि आपल्या मजकुराशी ताडून पाहत होते. चुकले असेल ते पुढच्या आवृत्तीत सुधारायचे, पुरावा नवा मिळाला तर प्रकरण पुन्हा लिहायचे, हा त्यांचा शिरस्ता राहिला. आपलेच छापलेले पुस्तक पुन्हा संशयाने वाचणे हे लेखकाला सर्वांत जड जाते. सरदेसायांना ते जमत असे, कारण ते लेखक होण्याआधी वाचक होते.

पुण्याच्या संशोधकांच्या वर्तुळात मात्र त्यांच्याविषयी सार्वत्रिक आदर होता असे नाही. अस्सल कागद शोधून काढणारा तो खरा संशोधक, आणि इतरांनी छापलेल्या साधनांवरून सलग कथा रचणारा तो संकलक, अशी एक समजूत तेथे प्रबळ होती. बडोद्याच्या या नोकरदार इतिहासकाराला पहिल्या पंक्तीचे पान द्यायला अनेकजण तयार नव्हते. या टीकेत तथ्यांश होता. सरदेसायांनी राजवाड्यांसारखी रानोमाळ भटकंती केली नाही. परंतु राजवाड्यांचे खंड हाती घेऊन सामान्य वाचकाला काय बोध झाला असता, हाही प्रश्न आहे. कागद सापडणे आणि कागदाचा अर्थ घरोघर पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये जो सांधा लागतो तो सरदेसायांनी जुळवला.

या उपेक्षेच्या काळात त्यांना एक जिवाभावाचा सहाध्यायी मिळाला, तोही महाराष्ट्राबाहेर. बंगालचे इतिहासकार यदुनाथ सरकार औरंगजेबाच्या काळाचा अभ्यास करीत होते. त्यांना फारसी उत्तम येई, पण मराठी साधनांसाठी जाणकाराची गरज होती. सरदेसायांचे नेमके उलट होते. १९०४ साली दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ, १९५८ साली यदुनाथांचे निधन होईपर्यंत टिकला. कोणता ग्रंथ वाचावा, कोणत्या कागदावर विश्वास ठेवू नये, कोणती तारीख जुळत नाही, याची देवाणघेवाण या पत्रांतून चालू राहिली. दीपेश चक्रवर्ती यांनी २०१५ साली यदुनाथांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या पत्रव्यवहाराचा मोठा आधार घेतला आहे. एकमेकांना पुस्तके सुचवणाऱ्या दोन वाचकांची मैत्री विद्वत्तेच्या इतिहासात असा विषय होऊन बसली.

सरदेसाई बडोद्यात असतानाच तेथे आणखी एक मोठी गोष्ट घडली. सयाजीरावांनी परदेशांत पाहिलेली सार्वजनिक ग्रंथालये आपल्या प्रजेसाठी आणायचे ठरवले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उघडले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके त्याला दिली. महिलांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालने झाली. ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्ग निघाले. गावात ग्रंथालय काढायचे तर लोकांनी काही वाटा उचलावा आणि बाकीचा सरकारने द्यावा, अशी व्यवस्था होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. एका गावाने पेटी वाचून संपवली की ती दुसऱ्या गावी जाई. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवणाऱ्या राजाने आपल्या वाचनकक्षाचे दार असे खेड्यापर्यंत उघडले.

या योजनेचे श्रेय सरदेसायांना देण्याचे कारण नाही. त्यांची कामे वेगळी होती. परंतु दोन्ही गोष्टींची जात एकच आहे. महाराजांच्या महालातील पुस्तके पेटीत बसून गावी गेली आणि राजपुत्रांच्या वर्गातील टिपणे रियासतीच्या रूपाने मराठी मुलखातल्या घरांत व शाळांत गेली. मूठभरांसाठी केलेले वाचन सर्वांचे झाले. ज्या लोहमार्गाने आज बोईसरची माणसे उत्तरेला बडोद्यापर्यंत जातात, त्याच मार्गाच्या एका टोकाला शंभर वर्षांपूर्वी हे घडत होते.

सरदेसायांच्या घरातले दिवस मात्र सुखाचे राहिले नाहीत. त्यांना दोन मुलगे होते. धाकटा लहानपणीच गेला. थोरला श्यामकांत बुद्धीने तल्लख होता. वडिलांनी त्याला रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात शिकायला पाठवले. राजघराण्यातल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वतःच्या मुलासाठी ही शाळा निवडावी, यावरून त्यांच्या मनाची दिशा कळते. पुढे उच्च शिक्षणासाठी श्यामकांत जर्मनीला गेला. उभे आयुष्य पुढे असताना, १९२५ साली त्याचा मृत्यू झाला. गोविंदराव तेव्हा साठीला आले होते. ज्या मुलाच्या हाती आपली पुस्तके, टिपणे आणि पत्रे ठेवून निश्चिंत व्हायचे, तोच उरला नाही.

त्याच वर्षी त्यांनी बडोद्याची नोकरी सोडली. छत्तीस वर्षांची सेवा झाली होती. त्यांनी लोणावळ्याजवळ कामशेत येथे, इंद्रायणीच्या काठी घर केले आणि पत्नीसह ते तेथे राहू लागले. एवढ्या आघातानंतर माणसाने हात टेकले असते तर कोणी नावे ठेवली नसती. सरदेसायांनी दोन गोष्टी केल्या. श्यामकांतची पत्रे नीट लावून त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. आणि रियासतीचे अपुरे राहिलेले भाग पुढे लिहायला घेतले. मुलाच्या पत्रांचे संपादन करताना त्या वृद्ध पित्याला काय वाटले असेल, याचा तर्क आपण करू नये. पण एक गोष्ट उघड दिसते. आयुष्यभर इतरांचे कागद लावण्याची जी शिस्त त्यांनी अंगी बाणवली होती, तिनेच त्यांना या दुःखात उभे ठेवले.

ज्या कामाने टीकाकारांची तोंडे बऱ्याच अंशी बंद झाली ते यानंतरचे. पुण्यात पेशव्यांचे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होते. मोडी लिपीतील कागदांचे हजारो रुमाल तेथे पडून होते आणि अभ्यासकांना तेथे सहज प्रवेश नसे. यदुनाथ सरकारांच्या आग्रहानंतर मुंबई सरकारने या दप्तरातील निवडक कागद छापायचे ठरवले आणि ते काम सरदेसायांकडे सोपवले. या नेमणुकीवरून पुण्यात वादळ उठले. पण पासष्टीच्या उंबरठ्यावरचे सरदेसाई मोडीच्या ढिगाऱ्यात जाऊन बसले. १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड बाहेर पडले. हजारो कागदांतून कोणता छापायचा आणि कोणता बांधून ठेवायचा, हा निर्णय पुन्हा वाचकाचाच होता. फरक एवढाच की पूर्वी एका महाराजासाठी निवड करायची होती आणि आता भावी काळातल्या सर्व अभ्यासकांसाठी.

या खंडांमध्ये वसईच्या मोहिमेचे कागदही आहेत. मोर्चे कोठे लावले, दारूगोळा किती हवा, कोण जखमी झाले, कोणाला मदत पाठवावी, असला मजकूर त्या पत्रांत येतो. माहीम, तारापूर, डहाणू ही आपल्या रोजच्या तिकिटावरची, पाटीवरची नावे तेथे रणभूमी म्हणून भेटतात. चिंचणीच्या काठावरून दिसणाऱ्या मुलखाचा एवढा जवळचा वृत्तान्त छापील रूपात आला तो एका पासष्टीच्या माणसाने डोळे शिणवून मोडी कागद वाचले म्हणून.

निवृत्तीनंतर लोक नातवंडांना गोष्टी सांगतात. सरदेसायांनी ऐंशीव्या वर्षाच्या आसपास सबंध मराठ्यांचा इतिहास पुन्हा एकदा, या वेळी इंग्रजीत लिहिला. १९४६ ते १९४८ या काळात त्याचे तीन खंड निघाले. रियासतीचे हे नुसते भाषांतर नव्हते. मधल्या काळात पेशवे दप्तर उघडले होते आणि यदुनाथांबरोबर त्यांनी पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांचा पत्रव्यवहारही संपादित केला होता. त्या सर्व नव्या माहितीवर पारखून त्यांनी जुनी कथा नव्याने मांडली. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला ग्रँट डफनंतर मराठ्यांचा सलग इतिहास मराठी माणसाच्या हातून मिळाला तो असा. १९५६ साली ‘माझी संसारयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते.

आज रियासत कशी वाचावी? ती अंतिम शब्द म्हणून वाचू नये, हे पहिले. रियासतीचा भर राजकारणावर आहे. शेतकरी, कारागीर, बाजारपेठा, स्त्रिया, गावगाडा यांच्याकडे तिचे लक्ष क्वचित जाते. पेशव्यांच्या दरबारातून दिसणारा महाराष्ट्र तिच्यात अधिक ठळक आहे. अनेक तपशील पुढील संशोधनाने बदलले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ रियासतीच्या शेजारी ठेवून वाचला की एकाच घटनेकडे दोन इतिहासकार किती वेगळ्या नजरेने पाहतात हे कळते. चिंचणीचेच उदाहरण घ्यायचे तर १९५५ साली तेथे राष्ट्रकूट आणि नंतरच्या काळातील ताम्रपट सापडले. त्यांतल्या इ. स. ९२६च्या ताम्रपटावरून असे दिसते की, इंद्र तृतीयाच्या काळात संजाण परिसराचा कारभार मधुमती नावाच्या, अरब वंशाच्या अधिकाऱ्याकडे होता. खाडीपलीकडचा किल्ला बांधला जाण्यापूर्वी कित्येक शतके या किनाऱ्यावर जगाच्या दूरदूरच्या भागांतली माणसे नांदत होती. ही कथा रियासतीत मिळणार नाही. तिच्यासाठी दुसरे पुस्तक काढावे लागेल.

तरीही सुरुवात रियासतीने करावी, असे सुचवावेसे वाटते. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेली तिची आठ खंडांची नवी आवृत्ती ग्रंथालयांत मिळू शकते. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेले तर नवखा वाचक दमून जाईल. त्यापेक्षा आपल्या गावाजवळचा किल्ला, आपल्या तालुक्यातली लढाई, आपल्या आडनावाचा सरदार सूचीत शोधावा आणि तेथून वाचायला लागावे. वसई-पालघरच्या वाचकाने शाहू महाराजांच्या आणि बाजीरावांच्या काळाचा भाग उघडावा. तेथून मागेपुढे जाण्याची ओढ आपोआप लागते. त्यानंतर ‘माझी संसारयात्रा’ वाचावी. इतिहास लिहिणाऱ्याच्या घरात काय चालले होते हे कळल्यावर त्याने लिहिलेली पाने वेगळी वाटू लागतात.

अलीकडे शाळांतून ग्रंथपालाचे पद रिकामे राहिले तरी फारसे कोणाला जाणवत नाही. पुस्तके कपाटात आहेत, किल्ली शिपायाकडे आहे, मुलांना माहिती भ्रमणध्वनीवर मिळते, मग ग्रंथपाल हवा कशाला, असा हिशेब मांडला जातो. सरदेसायांचे आयुष्य या हिशेबातली चूक दाखवते. सयाजीरावांजवळ पुस्तके विकत घेण्याइतके द्रव्य होते आणि वाचण्याइतकी बुद्धीही होती. तरी त्यांना एक माणूस हवा होता. आधी स्वतः वाचणारा आणि मग समोरच्याला पाहून त्यातले नेमके निवडून देणारा. राजाला ज्याची गरज पडली त्याची गरज चिंचणीच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या मुलाला नसेल, असे कसे म्हणता येईल?

त्या मुलाने किल्ल्याबद्दल विचारले, तर ग्रंथपालाने रियासतीचा तो खंड काढून योग्य पानावर खूण घालून द्यावी. आठवड्याने मुलगा परत आला, तर त्याला पडलेल्या नव्या शंकांवरून दुसरे पुस्तक काढावे. त्यासाठी ग्रंथपालाने ती दोन्ही पुस्तके आधी वाचलेली असावी लागतात. गोविंदराव सरदेसायांनी १८८९ साली पत्करलेली नोकरी थोडक्यात एवढीच होती.